सामन्याआधीची मिस्सा: नोत्र दामचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन

कुर्ल्यातील आपले पवित्र क्रूसाचे मंदिर पोर्तुगीज अमदानीतील आहे. १८४८ साली ते पुन्हा बांधण्यात आले आणि मुंबईतील सर्वांत जुन्या चर्चमध्ये त्याची गणना होते. याच पवित्र क्रूसाचे नाव धारण करणारा एक धर्मसंघ १८३७ साली फ्रान्समधील ल मां या शहरात धन्यवादित बाझिल मोरो यांनी स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू १८५३ पासून बंगालच्या मिशनमध्ये कार्यरत झाले, म्हणून भारतीय उपखंडाला ते अपरिचित नाहीत. परंतु जगभर या संघाचे नाव ज्या एका संस्थेमुळे झाले ती संस्था अमेरिकेत आहे. फादर एडवर्ड सोरिन यांनी २६ नोव्हेंबर १८४२ रोजी इंडियाना प्रांतातील साउथ बेंड गावाजवळ, दोन तळ्यांच्या काठी, बर्फाळलेल्या रानात तिचा पाया घातला आणि तिला पवित्र मरियेचे नाव दिले. फ्रेंच भाषेत 'नोत्र दाम', म्हणजे आमची माता. अमेरिकन लोक त्याचा उच्चार 'नोटर डेम' असा करतात.

या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या नव्या प्रशिक्षकाने जुनी प्रथा पुन्हा सुरू केली आणि पुढे तो स्वतः कॅथलिक झाला, ही बातमी २०२२ साली जगभरच्या कॅथलिक वृत्तपत्रांत झळकली होती. तेव्हापासून आमच्या युवकांकडून या गृहस्थांविषयी अधूनमधून विचारणा होत असते. काहींचा असाही समज झालेला दिसतो की प्रशिक्षकाने मिस्सा सुरू केली आणि संघ जिंकू लागला. प्रत्यक्षात तसे घडले नाही. जे घडले ते अधिक बोधप्रद आहे असे आम्हांस वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

खेळाविषयी थोडेसे

प्रथम एक खुलासा. येथे फुटबॉल म्हणजे आपल्या कूपरेजवर किंवा पावसाळ्यात शाळेच्या चिखलात खेळला जातो तो खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळावे लागते, पुढे फेकावा लागतो आणि प्रतिस्पर्धी अंगावर येऊन आडवा पाडतात. म्हणून डोक्याला हेल्मेट व खांद्यांना जाड कवच. दोन्ही बाजूंनी अकरा अकरा खेळाडू मैदानात असले तरी राखीव धरून संघात शंभराच्या आसपास तरुण असतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडे समजण्यास अधिक कठीण आहे. आपल्या महाविद्यालयांत क्रीडाशिक्षक असतो. वर्षातून एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, बघायला शेदोनशे मित्रमंडळी जमतात आणि ढाल कार्यालयाच्या कपाटात जाते. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा राष्ट्रीय उत्सव आहे. नोत्र दामचे स्टेडियम १९३० साली उभे राहिले आणि त्यात आज ७७,००० हून अधिक प्रेक्षक बसतात. १९९१ पासून एका राष्ट्रीय दूरचित्रवाहिनीने या एका संघाचे घरचे सामने दाखविण्याचा करार केला आहे. अशा ठिकाणचा मुख्य प्रशिक्षक कुलगुरूंपेक्षाही अधिक ओळखला जातो. तो काय बोलतो, रविवारी कोठे जातो, पराभवानंतर कोणाकडे बोट दाखवितो, याकडे लाखो डोळे लागलेले असतात. तेथील परंपरा पुढे नेण्याचे ओझे त्यामुळे प्राचार्यांपेक्षा किंवा धर्मगुरूंपेक्षाही पुष्कळदा त्याच्याच खांद्यावर येऊन पडते. हे योग्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न. आमचे मत विचाराल तर योग्य नाही. पण वस्तुस्थिती तशी आहे.

परंपरा कशी घडली

नोत्र दामचा पहिला सामना २३ नोव्हेंबर १८८७ रोजी मिशिगन विद्यापीठाशी झाला. त्या काळी अमेरिकेतील कॅथलिक म्हणजे बहुतांशी आयर्लंड, पोलंड, इटली व जर्मनीहून आलेले गरीब स्थलांतरित. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेतली जाई, नोकऱ्या नाकारल्या जात. कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लान या संघटनेने १९२४ च्या मे महिन्यात साउथ बेंड गावात मेळावा भरविला, तेव्हा नोत्र दामच्या विद्यार्थ्यांशी तिची रस्त्यावर झटापट झाली. त्याच वर्षी नोत्र दामचा फुटबॉल संघ राष्ट्रीय विजेता ठरला. शिकागोच्या कत्तलखान्यात किंवा पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या ज्या माणसाने विद्यापीठाचे तोंडही पाहिले नव्हते, त्यालाही तो संघ आपला वाटू लागला तो यामुळे. 'लढवय्ये आयरिश' हे हिणविण्यासाठी वापरले जाणारे नाव विद्यापीठाने १९२७ साली अधिकृतपणे स्वीकारले.

या विजयांचे शिल्पकार नूट रॉकनी. त्यांचे चरित्र आपल्या विषयाशी निकटचे आहे, म्हणून येथे थोडे थांबू. रॉकनी आयरिश नव्हते आणि कॅथलिकही नव्हते. १८८८ साली नॉर्वेतील व्हॉस येथे एका लुथरन घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते शिकागोला आले, तेथील टपाल खात्यात नोकरी करून पैसे साठविले आणि १९१० साली, बावीस वर्षांचे असताना, नोत्र दाममध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १९१८ ते १९३० या काळात मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी १०५ सामने जिंकले व केवळ १२ गमावले. ५ बरोबरीत सुटले. संघाबरोबर रेल्वेने परगावी जाताना ते पाहत असत की, रात्री उशिरा पोचूनही त्यांचे खेळाडू पहाटे उठून मिस्सेला जातात. आपण प्रशिक्षक असून अंथरुणात पडून राहतो याचा त्यांना संकोच वाटू लागला. ही गोष्ट पुढे त्यांनी स्वतःच सांगितली. २० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाच्या आवारातील लाकडी ओंडक्यांच्या लहानशा प्रार्थनामंदिरात त्यांचा स्नानसंस्कार झाला. तो शुक्रवार होता. दुसऱ्याच दिवशी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाशी सामना होता आणि हंगाम ऐन भरात होता.

वाचकांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. ज्या माणसाच्या नावाने पुढच्या शंभर वर्षांची परंपरा ओळखली गेली त्याला श्रद्धा कोणी शिकविली? त्याच्या हाताखालच्या पोरांनी. प्रशिक्षकाने परंपरा खेळाडूंना दिली असे आपण सहज म्हणून जातो. येथे प्रवाह उलटा वाहिला. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस प्रांतात झालेल्या विमान अपघातात रॉकनी मरण पावले, तेव्हा ते अवघे ४३ वर्षांचे होते.

त्यांच्यानंतर ज्या प्रथा रूढ झाल्या त्यांपैकी काही निखळ धार्मिक, काही क्रीडाविषयक, तर काही दोहोंच्या सीमेवरच्या आहेत. मुख्य इमारतीच्या सोनेरी घुमटावर पवित्र मरियेचा पुतळा आहे. खेळाडूंच्या हेल्मेटला त्याच घुमटाचा सोनेरी रंग असतो. अनेक वर्षे सामन्याच्या आदल्या रात्री विद्यार्थी जागून हेल्मेटे रंगवीत. १८९६ साली लुर्द्सच्या गुहेची प्रतिकृती आवारात उभारण्यात आली. तेथे परीक्षेच्या आणि सामन्याच्या आदल्या दिवशी मेणबत्त्यांची दाटी होते. सामन्याच्या दिवशी धर्मगुरू प्रत्येक खेळाडूला एका संताचे पदक देतात, दर सामन्याला वेगळ्या संताचे. प्रशिक्षक लू होल्ट्झ यांनी १९८६ साली आपल्या पहिल्या हंगामात खेळाडूंच्या जिन्यात एक पाटी लावली, आजच्या दिवशी विजेत्यासारखे खेळा असे सांगणारी. मैदानात उतरताना तिला हात लावल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. वाचनालयाच्या भिंतीवर हात उंचावलेल्या प्रभू येशूचे भव्य चित्र १९६४ पासून आहे. ते स्टेडियममधून दिसते आणि गुण मिळाल्यावर पंच असेच हात उंचावतात म्हणून प्रेक्षकांनी त्याला 'टचडाउन येशू' असे नाव ठेवले आहे. हे नाव आमच्या गळी सहज उतरत नाही. परंतु त्यात अनादरापेक्षा घरगुती सलगी अधिक असावी असे मानून आम्ही पुढे जातो.

आलेले आणि गेलेले

नोत्र दामचा प्रत्येक नवा प्रशिक्षक पहिल्या दिवशी परंपरेचे गोडवे गातो. गाणे सोपे असते. जेरी फॉस्ट यांच्याइतका भाविक प्रशिक्षक त्या मैदानाने क्वचितच पाहिला असेल. सिनसिनाटीच्या एका कॅथलिक शाळेतून १९८१ साली ते थेट येथे आले. लुर्द्सच्या गुहेपाशी प्रार्थना केल्यावाचून त्यांचा दिवस जात नसे. पाच वर्षांत ३० विजय, २६ पराभव आणि एक बरोबरी असा हिशेब मांडून १९८५ अखेर त्यांनी स्वतःहून पद सोडले. ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. त्यांच्याविषयी कोणी वाईट बोलल्याचे आमच्या वाचनात नाही. याउलट १९६४ ते १९७४ या काळात संघाला पुन्हा वैभव मिळवून देणारे आरा पार्सेघियन प्रेस्बिटेरियन होते. तेव्हा भक्ती मोठी तर गुणफलक मोठा हे समीकरण येथेच मोडीत निघते.

२००१ च्या डिसेंबरात जॉर्ज ओ'लिअरी यांची नेमणूक झाली. आयरिश वंशाचे कॅथलिक गृहस्थ. परंपरेला शोभेल असेच नाव. पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण आपल्या माहितीपत्रकात त्यांनी घेतलेली नसलेली पदवी लिहिली होती. त्यांच्या जागी आलेले टायरोन विलिंगहॅम हे या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. मेथडिस्ट पंथाचे, मितभाषी, शिस्तीचे. तीन हंगामांनंतर, २००४ च्या नोव्हेंबरअखेर, मुदत संपण्यापूर्वीच त्यांना काढण्यात आले. इतरांना अधिक अवधी मिळाला होता आणि यांना का नाही, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत उघडपणे विचारला गेला. कॅथलिक संस्थेला तो झोंबावा असाच होता. परंपरेच्या नावाने आपण कोणाला आत घेतो आणि कोणाला उंबऱ्यावर ठेवतो हे तपासण्याची वेळ प्रत्येक जुन्या संस्थेवर येते, आपल्याही.

२०१० ते २०२१ ब्रायन केली यांची कारकीर्द झाली. विजयांची संख्या पाहता ती मोठी होती. मात्र अभ्यासातील गैरप्रकार उघडकीस आल्याने २०१२ व २०१३ या हंगामांतील २१ विजय क्रीडा नियामक मंडळाने रद्द ठरविले. याच काळात सामन्याच्या दिवशी संपूर्ण संघाने बॅसिलिकेत मिस्सेला जमून तेथून स्टेडियमकडे चालत जाण्याची पद्धत मागे पडली. कोणी तिच्यावर बंदी घातली असे नव्हे. वेळापत्रक भरत गेले आणि प्रथा बाजूला सरकली. परंपरा बहुधा अशाच नाहीशा होतात. त्यांना कोणी मारीत नाही, त्यांच्यासाठी वेळ उरत नाही एवढेच. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर केली अधिक मोठ्या कराराने लुइझियाना राज्य विद्यापीठाकडे गेले, आणि खेळाडूंना ती बातमी हंगामाचा निकाल अद्याप लागायचा असताना ऐकावी लागली.

नवा माणूस

३ डिसेंबर २०२१ रोजी मार्कस फ्रीमन यांना मुख्य प्रशिक्षक नेमण्यात आले. वय ३५. तोवर त्यांनी कोठेही मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले नव्हते आणि नोत्र दाममध्ये बचाव फळीचे प्रशिक्षक म्हणून येऊन त्यांना एक वर्षही पुरे झाले नव्हते. वडील अमेरिकी हवाई दलातील कृष्णवर्णीय सैनिक, आई दक्षिण कोरियाची. स्वतः ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळलेले, म्हणजे नोत्र दामकरांच्या दृष्टीने शेजारच्या आळीतले. २००९ मध्ये व्यावसायिक संघाने त्यांना निवडले, परंतु हृदयाचा दोष आढळल्याने पुढच्याच वर्षी खेळणे थांबवावे लागले आणि ते प्रशिक्षणाकडे वळले. ते ख्रिस्ती होते, पण कॅथलिक नव्हते. पत्नी कॅथलिक आणि मुले त्याच श्रद्धेत वाढत असलेली. त्यांचे नाव जाहीर झाल्यावर खेळाडूंनी त्यांना घेराव घालून जो जल्लोष केला त्याचे चित्रण लाखो लोकांनी पाहिले.

२०२२ च्या हंगामापासून फ्रीमन यांनी सामन्याच्या दिवसाची मिस्सा पुन्हा सुरू केली. घरच्या सामन्याआधी सर्व खेळाडू व प्रशिक्षक येशूच्या पवित्र हृदयाच्या बॅसिलिकेत जमतात, मिस्सा होते, पदके दिली जातात आणि मग रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांमधून सारे पायी स्टेडियमकडे निघतात.

ऐकायला हे सोपे वाटते. वाचकांपैकी ज्यांनी एखाद्या स्पर्धेचे व्यवस्थापन केले असेल त्यांना विचारा. सामन्याच्या दिवशी शंभर तरुणांचे जेवण, पायांना पट्ट्या बांधणे, वैद्यकीय तपासणी, डावपेचांची शेवटची बैठक, दूरचित्रवाणीच्या लोकांनी ठरवून दिलेली वेळ, यांतून एक तास काढणे म्हणजे कोणाचा तरी तास हिरावून घेणे होय. फ्रीमन यांनी तो डावपेचांच्या व विश्रांतीच्या वेळेतून काढला आणि तोही स्वतःची नोकरी कच्ची असताना. परंपरेविषयीचे त्यांचे कोणतेही भाषण आम्हांस या एका तासाइतके बोलके वाटत नाही. शिवाय हा तास मागणारा माणूस तेव्हा स्वतः पवित्र कम्युनियन घेऊ शकत नव्हता! संघातील अनेक खेळाडूही कॅथलिक नाहीत. तरीही ज्या घरात आपण राहायला आलो त्या घराची संध्याकाळची प्रार्थना चालू राहिली पाहिजे, असे त्या घराबाहेरून आलेल्या माणसाला वाटले.

आणि मग काय झाले? संघ हरला. नेमणुकीनंतरचा पहिलाच सामना, १ जानेवारी २०२२ चा फिएस्टा बाउल, त्यांनी २८-७ अशा आघाडीनंतर ३५-३७ असा गमावला होता. ३ सप्टेंबरला ओहायो स्टेटकडून १०-२१ पराभव झाला. १० सप्टेंबरला घरच्या मैदानावर, बॅसिलिकेतील मिस्सेनंतर, मार्शल या तुलनेने लहान विद्यापीठाने त्यांना २६-२१ असे हरविले. पहिले तिन्ही सामने गमावणारा नोत्र दामच्या इतिहासातील हा पहिलाच मुख्य प्रशिक्षक. वृत्तपत्रांनी त्यांना सोलून काढले.

त्याच सप्टेंबर महिन्यात साउथ बेंडजवळच्या ग्रेंजर येथील संत पायस दहावे यांच्या धर्मग्रामात फ्रीमन यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. विद्यापीठाने त्याचा गाजावाजा केला नाही. धर्मग्रामाने आपल्या साप्ताहिक पत्रकात अभिनंदनाचा मजकूर दिला, तेव्हा जगाला कळले. हे एखाद्या विजयानंतर घडले असते तर लोकांनी त्याला नवस फेडणे म्हटले असते. पराभवांच्या महिन्यात ते घडले, म्हणून त्याचे मोल आमच्या लेखी अधिक आहे. रॉकनी यांच्याप्रमाणेच ऐन हंगामात, आणि रॉकनी यांच्याप्रमाणेच ज्यांना शिकवायचे त्यांच्याबरोबर बाकावर बसता बसता.

पुढील प्रगती थोडक्यात सांगतो. २०२२ मध्ये ९ विजय, २०२३ मध्ये १०. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला नॉर्दर्न इलिनॉय या दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाकडून १४-१६ असा लाजिरवाणा पराभव, आणि त्यानंतर सलग १३ विजय. ९ जानेवारी २०२५ रोजी पेन स्टेटला २७-२४ असे हरवून संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला. तेथवर संघ नेणारे फ्रीमन हे पहिले कृष्णवर्णीय, तसेच आशियाई वंशाचे पहिले मुख्य प्रशिक्षक. विलिंगहॅम यांची आठवण ज्यांना होती त्यांना त्या रात्री काय वाटले असेल याची कल्पना करता येते. २० जानेवारीला अटलांटा येथे अंतिम सामना झाला तो फ्रीमन यांच्याच जुन्या ओहायो स्टेटशी, आणि त्यांनी तो २३-३४ असा गमावला. २०२५ च्या हंगामात पहिले दोन सामने हरून मग सलग दहा जिंकले. तरीही निवड समितीने त्यांना अंतिम बारा संघांत घेतले नाही. तेव्हा संघाने अन्य कोणताही बाउल सामना खेळण्यास नकार दिला. हा नकार स्वाभिमानाचा की रुसव्याचा यावर दोन मते आहेत. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे.

पैशाचा वारा

टीकाकार म्हणतात, हे सारे उत्तम जाहिरात आहे. मिस्सेची छायाचित्रे, पायी मिरवणूक, सोनेरी हेल्मेट, यांमुळे तिकिटे खपतात आणि देणग्या येतात. आक्षेप खोटा नाही. श्रद्धेचे प्रदर्शन आणि श्रद्धा यांत कॅमेऱ्याला फरक करता येत नाही.

परंतु याच काळात महाविद्यालयीन खेळाचे रूप पार पालटले हेही पाहिले पाहिजे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेता येऊ लागला. विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. खेळाडूला त्याच्या श्रमाचे फळ मिळावे यात गैर काहीच नाही. इतकी वर्षे सारे कमावीत होते आणि खेळणारा मुलगाच तेवढा रिकाम्या हाताने जात होता. मात्र परिणाम असा की तरुण येतात आणि जातात. नोत्र दामच्या संघाचे नेतृत्व २०२३ मध्ये सॅम हार्टमन यांनी केले व २०२४ मध्ये रायली लेनर्ड यांनी. दोघेही अन्य विद्यापीठांतून शेवटच्या एका वर्षापुरते आलेले. चार वर्षे एका वसतिगृहात राहून जी परंपरा हाडीमासी खिळत असे ती आता काही महिन्यांत कशी द्यायची, हा फ्रीमन यांच्यापुढचा खरा प्रश्न आहे. त्यांच्या वेळापत्रकातील तो एक तास आम्हांस या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. एका वर्षासाठी आलेल्या मुलालाही घरच्या प्रत्येक सामन्याला एकदा, म्हणजे हंगामात सहासात वेळा, स्पर्धेच्या अगदी तोंडावर शांत बसावे लागते. त्या वेळी त्याच्या मनात काय चालते हे परमेश्वर जाणे.

आपल्या अंगणात

हे वाचताना मुंबईच्या वाचकाच्या मनात नेव्हिल डिसोझा यांचे नाव आल्यावाचून राहणार नाही. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा हा मुंबईचा कॅथलिक खेळाडू. भारताने तो सामना ४-२ असा जिंकून उपांत्य फेरी गाठली होती. आपल्या शाळांच्या मैदानांतून आणि चर्चच्या आवारांतून असे कितीतरी खेळाडू तयार झाले. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा २००० च्या सुमारास बंद पडली. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा नामांकित संघ २०१० साली विसर्जित झाला. या शेवटांपैकी कोणताही शेवट परंपरेच्या शत्रूंनी घडवून आणलेला नाही.

कुर्ल्यात मोकळे मैदान ही दुर्मीळ वस्तू आहे. जी थोडी जागा आहे ती मिळविण्यासाठी मुले सकाळी सहाला रांग लावतात, आणि ती सकाळ बहुधा रविवारची असते. संत जॉन बॉस्को यांनी १८४१ पासून तुरीनच्या अनाथ पोरांना गोळा केले तेव्हा मैदान, धर्मशिक्षण आणि मिस्सा या तिन्ही गोष्टी एकाच अंगणात, एकाच दिवशी घडत. त्यांच्या संघाचे शिक्षणकार्य कुर्ल्यातही आहे, तेव्हा ही पद्धत आपल्याला परकी नाही. तरीही काही वर्षांपूर्वी एका क्रीडासंस्थेने आमच्या मुलांच्या स्पर्धेचे सर्व सामने चार रविवारी सकाळी आठ वाजता ठेवले. आम्ही विनंती केली. उत्तर आले की दुसरी वेळ उपलब्ध नाही. पालकांची सभा घेतली, तेव्हा निम्म्या पालकांचे म्हणणे पडले की मिस्सा संध्याकाळीही असते, सामना मात्र एकदाच असतो. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते आणि तरी ते आम्हांस बोचले. संघाचा तरुण प्रशिक्षक, जो आपल्या धर्माचा नव्हता, सभेनंतर आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, मुलांना साडेसहाला पाठवा, तुमची प्रार्थना झाली की मी त्यांना तिथूनच घेऊन जाईन." चारही रविवारी तो मंदिराच्या पायऱ्यांवर चेंडूंची जाळी घेऊन बसलेला असे. साडेसहाच्या त्या मिस्सा आम्ही थोड्या लवकर आटोपल्या, हे येथे कबूल करतो.

नोत्र दामविषयी एक बातमी शेवटी देण्याची राहिली. रॉकनी यांचे दफन १९३१ साली साउथ बेंडच्या सार्वजनिक दफनभूमीत झाले होते, विद्यापीठाच्या आवाराबाहेर. २०२४ साली त्यांच्या कुटुंबीयांच्या इच्छेनुसार त्यांचे अवशेष आवारातील सीडर ग्रोव्ह दफनभूमीत आणण्यात आले. बॅसिलिकेकडून स्टेडियमकडे संघ ज्या आवारातून चालत जातो त्याच आवारात आता त्यांची कबर आहे.